दुखणं बोटांचं की माउसचं?

प्रश्न : मॅडम, गंगाखेडजवळच्या गावात माझं सेतू केंद्र आहे. पीकविम्याच्या दिवसांत रात्री अकरापर्यंत अर्ज भरतो. टायपिंग दोनच बोटांनी, पण हात पळतो. गेल्या जुलैपासून उजवा अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होतात. झोपेतून उठून हात झटकावा लागतो. दहा बोटांनी शिकलो तर थांबेल का? – एक वाचक, वय २९

उत्तर : आधी डॉक्टरकडं जा, मलम चोळत बसू नका. अंगठा, तर्जनी, मधलं बोट ही मनगटातून जाणाऱ्या एका नसेची हद्द. मनगट तासन् तास वाकलेलं राहिलं की ती दबते, आणि मग रात्री झोपू देत नाही. अंगठ्याचा जोर जाईपर्यंत थांबू नका.

आता माझा संशय. टायपिंगची दोन बोटं म्हणजे दोन्ही हातांचं एकेक ना? मग डावा हात गप्प कसा? मला तरी दोष माउसचा वाटतो. तालुका, गाव, पीक, प्रत्येक रकान्याला तुम्ही माउस धरत असणार. टॅब दाबा, पुढचा रकाना येतो; शिफ्ट धरून टॅब, मागचा. यादीत गावाचं पहिलं अक्षर दाबलं की बहुतेक वेळा तिथंच उडी पडते. माउस काही दिवस डावीकडं घ्या. आठवडाभर चिडचिड होईल.

दुसरं, तुमचा काउंटर. परळीत माझ्या भाच्याचं झेरॉक्सचं दुकान आहे. काउंटर उभ्या गिऱ्हाइकाच्या मापाचा, खुर्ची प्लास्टिकची, बुटकी. मनगटं काचेच्या कडेवर टेकलेली. खुर्चीवर गोधडीची घडी टाकली, पायाखाली फळी दिली, कोपर काउंटरच्या उंचीला आलं. कीबोर्डचे मागचे दोन पायही दुमडायला लावले. ते उघडले की मनगट उलटं वर वाकतं.

दहा बोटांनी जरूर शिका, पण जुलैत नाही. पहिला महिना वेग पडतोच, आणि रांग काही थांबत नाही. दुकान उघडण्याआधी पंधरा मिनिटं, हातांवर रुमाल टाकून, म्हणजे कळा दिसणार नाहीत. एफ आणि जे वरचे उंचवटे तर्जन्यांना सापडले की बाकीची बोटं आपोआप जागेवर बसतात. मराठीला इनस्क्रिप्ट ही कळांची मांडणी घ्या : स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या. आणि कळ हाणू नका. माझ्याकडं टाइपरायटरवर शिकलेली पोरं संगणकावरही हाणायची. तिथं दांडी कागदावर आपटावी लागे, इथं नुसतं टेकवलं तरी अक्षर उमटतं.

दर वीस अर्जांनी उठून पाणी प्या. रांगेतले आजोबा ओरडतील. ओरडू द्या.