सशाच्या ट्रेमध्ये घालायचं तरी काय?

यावेळी सशांचे प्रश्न इतके आलेत की कुत्र्या-मांजरांना पुढच्या अंकापर्यंत थांबावं लागेल. उन्हाळा सुरू झाला की आपल्याकडे हे होतंच, कारण ऊन वाढलं की वास वाढतो आणि वास वाढला की घरात सशावरून वाद सुरू होतात.

प्रश्न : ताई, आमच्याकडे दहा महिन्यांचा पांढरा ससा आहे, नर आहे. पिंजरा गॅलरीत आहे पण दिवसभर घरातच फिरतो. एका कोपऱ्यात ट्रे ठेवलाय आणि शू बऱ्यापैकी तिथेच करतो. दुकानदाराने मांजरीची वाळू दिली होती, ओली झाली की तिचा गोळा होतो ती. सासूबाई म्हणतात कशाला पैसे घालवते, वखारीतून लाकडाचा भुसा आण, फुकट मिळतो. कूलर लावला की वासाने घरात बसवत नाही. नक्की काय घालू? – एक वाचक, भुसावळ

उत्तर : ताई, आधी ती मांजरीची वाळू काढून टाका, उद्या परवा नाही, हे वाचून झालं की लगेच. ती बेंटोनाइट नावाची माती असते, ओली झाली की फुगते आणि घट्ट गोळा होते, मांजरीच्या ट्रेमध्ये तेच तर हवं असतं. पण मांजर ट्रेमधलं काही खात नाही आणि ससा ट्रेमध्ये बसून खातोच. पंजाला चिकटलेलं चाटतो, गवत ओढताना सोबत चार दाणे तोंडात जातात. तो गोळा आतड्यात झाला तर बाहेर निघायला वाटच नाही, कारण सशाला उलटी करताच येत नाही. म्हणून काहीही विकत घेताना किंवा फुकट आणताना मनात एकच प्रश्न ठेवा, हे याने खाल्लं तर चालेल का? कारण तो खाणारच आहे. चमकणारे सिलिकाचे खडे, मक्याच्या कणसाच्या बुरकुंड्याचे तुकडे, हे सगळं याच प्रश्नावर बाद होतं.

आता वखारीचा भुसा. सासूबाईंचा मुद्दा पैशाचा आहे आणि तो चुकीचा नाही, पण वखारीत साग, बाभूळ, पॅकिंगच्या खोक्यांचं पाइन, कधी देवदार, सगळं एकाच करवतीखाली जातं आणि खाली एकच ढीग पडतो. देवदार आणि कच्च्या पाइनला जो छान वास येतो ना, त्याच वासाची द्रव्यं सशाच्या श्वासाला आणि लिव्हरला त्रास देतात. सागाच्या भुशाने तर सुतारांच्या हातालाही खाज सुटते. आणि बारीक धूळ हा वेगळाच विषय, ससा फक्त नाकाने श्वास घेतो, त्याचं नाक चोंदलं तर आपल्यासारखं तोंड उघडून भागत नाही. शिंकायला लागला, पुढच्या पंजांवरचे केस ओले चिकट दिसले तर समजायचं की नाक पुसतोय.

मग काय घालायचं तर कागदाचे पेलेट, म्हणजे दाबून केलेल्या छोट्या कांड्या, किंवा उच्च तापमानाला वाळवलेल्या लाकडाचे पेलेट. दोन्ही ऑनलाइन मिळतात, मोठी गोणी घेतली तर परवडतात. ओलं शोषून पेलेट फुगतात आणि सुटे होऊन खाली भुसा होतो, वरचे कोरडे राहतात, म्हणजे सशाचे पाय ओल्यात राहत नाहीत. आपल्याकडे बॉयलरसाठीही पेलेट आणि ब्रिकेट मिळतात, स्वस्त असतात, पण त्यात कपाशीच्या पऱ्हाट्या, शेंगांची टरफलं असं बरंच काही असू शकतं आणि कपाशीवर किती फवारण्या होतात हे मी खान्देशातल्या माणसाला सांगायला नको. शंभर टक्के लाकूड आहे अशी खात्री असेल तरच घ्या.

पैसेच घालायचे नसतील तर घरी करा. जुने पेपर फाडून रात्रभर कोमट पाण्यात भिजत घाला, चकचकीत रंगीत पुरवण्या मात्र बाजूला काढा. सकाळी लगदा हाताने घट्ट पिळायचा, पाणी पूर्ण निघेपर्यंत, आणि चिमटीने बोराएवढे तुकडे करून गच्चीवर जुन्या चादरीवर पसरायचे. भुसावळच्या मे महिन्यातल्या उन्हात संध्याकाळपर्यंत कुरकुरीत होतात, एखादा तुकडा मधे मोडून पाहा, आत गारवा लागला तर अजून एक ऊन द्या. हा उद्योग उन्हाळ्यातच करून डबे भरून ठेवायचा, पावसाळ्यात लगदा वाळत नाही आणि बुरशी धरतो.

थर एक इंचभर पुरे, वर मूठभर वाळलेलं गवत. गवताची जाळी किंवा टोपली ट्रेच्या अगदी काठाला लावा म्हणजे बसल्या जागी तोंड पोचेल. ससा खाता खाता लेंड्या टाकतो, ही त्याची सवयच आहे, त्यामुळे गवत जिथे तिथे ट्रे हे गणित जमलं की निम्मं काम झालं. ट्रे एवढा मोठा हवा की ससा आत लांब पसरून बसेल, बाजारातले ते छोटे तिकोनी ट्रे घेऊ नका, साधा पसरट प्लास्टिकचा टब आणा आणि एका बाजूने कापून चढायला सोपं करा, कापलेली कड घासून घ्या.

वासाचं म्हणाल तर ताज्या मुताला एवढा वास नसतो. ते पडून राहिलं की जिवाणू त्यातल्या युरियाचा अमोनिया करतात आणि उकाड्यात हे काम झपाट्याने होतं. ससा दर किलोमागे दिवसाला साधारण 50 ते 150 मिली पाणी पितो, म्हणजे दोन किलोच्या सशाचा कमी जास्त हिशोब तुम्हीच करा. म्हणून उन्हाळ्यात ओला कोपरा रोज उचलायचा आणि एक दिवसाआड अख्खा ट्रे बदलायचा. कूलर लावला की हवा दमट होते, ट्रेमधला थर वाळत नाही, त्यामुळे खिडकी उघडी ठेवा आणि कूलरचा झोत थेट ट्रेवर किंवा सशावर नको. पण कूलर बंद करून वास कमी करायला जाऊ नका हं. तिशीच्या वर पारा गेला की सशाला त्रास सुरू होतो, त्याला घाम येत नाही, अंगातली उष्णता बरीचशी कानांवाटे जाते, आणि आपल्याकडे 45 अंश म्हणजे काय ते तुम्ही बघताच. शहाबादी फरशीचा एखादा तुकडा आणि फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली जवळ असू द्या.

ट्रेला पांढरा थर बसला असेल तर पांढरं व्हिनेगर ओतून अर्धा तास ठेवा, सुटतो. फिनाईल नको, संडासचं ॲसिड नको आणि ब्लीच तर नकोच, मुतातल्या अमोनियाशी ते मिसळलं की विषारी वायू तयार होतो. धुतल्यावर जुन्या ओल्या कागदाचा एक छोटा तुकडा परत ट्रेमध्ये ठेवा, त्या वासाने त्याला जागा कळते.

आणि दहा महिन्यांचा नर आहे, नसबंदीचं ऑपरेशन झालेलं नसेल तर उग्र वासाचं ते मोठं कारण आहे, तो हद्द आखायला मुततो. ऑपरेशननंतर काही आठवड्यांत फरक पडतो. फक्त सशांची ऑपरेशनं केलेला डॉक्टर शोधा. फोनवरच विचारा, आदल्या रात्री उपाशी ठेवायचं का? सशाला तसं ठेवायचं नसतं, पोट चालू राहणं त्याच्यासाठी फार महत्त्वाचं. हो म्हणाले तर दुसरीकडे चौकशी करा, जळगाव, धुळे, नाशिक, जिथे मिळेल तिथे.

प्रश्न : आमच्या सशिणीची शू कधी चुन्यासारखी पांढरी घट्ट असते आणि परवा तर नारिंगी-लाल होती, ट्रेमधला कागद रंगला. घाबरून गेलोय. खायला लसूणघास भरपूर देतो, घरची केळी आहे म्हणून तीही रोज. रक्त आहे का हे? – एक वाचक, शिरपूर

उत्तर : भाऊ, घाबरू नका पण दुर्लक्षही करू नका. सशाची शू पिवळ्यापासून विटकरी रंगापर्यंत काहीही असू शकते, खाण्यातल्या आणि शरीरातल्या रंगद्रव्यांमुळे, आणि अशी नारिंगी शू एक-दोन दिवसांत परत नेहमीची होते. रक्त असेल तर बऱ्याचदा सगळी शू एकसारखी रंगत नाही, लाल धार किंवा गाठी वेगळ्या दिसतात. सशीण मोठी आहे आणि ऑपरेशन झालेलं नाही तर शंका येताच दाखवाच, चार वर्षांच्या पुढच्या सशिणींत गर्भाशयाचा कॅन्सर फार आढळतो. रंगीत कागदाऐवजी साधा पांढराच कागद अंथरत जा, रंग नीट कळतो.

चुन्यासारखं जे दिसतं ते खरोखर कॅल्शियमच आहे. माणसाचं शरीर लागेल तेवढंच कॅल्शियम घेतं, ससा अन्नात असेल तेवढं बरंचसं शोषतो आणि जास्तीचं मुतातून बाहेर टाकतो. थोडा गढूळपणा चालतो, पण दाट लगद्यासारखं येत असेल, मुतताना कुंथत असेल, मागचा भाग ओला राहत असेल तर मूत्राशयात गाळ साचतोय, डॉक्टरकडे न्या. लसूणघासात कॅल्शियम खूप असतं, दुभत्या गाईला ते चांगलं, मोठ्या सशाला रोज भरपूर नको. मारवेल किंवा पवन्याचं वाळलेलं गवत दिवसभर समोर असू द्या, पाणी बाटलीऐवजी जड वाटीत द्या म्हणजे जास्त पितात. केळी घरची असली तरी आठवड्यातून एक-दोन पातळ चकत्या, बस. साखरेने पोट बिघडतं.

प्रश्न : आमच्याकडे पोल्ट्रीला तूस येतं, तेच ससा-पिंजऱ्यात टाकलं तर? – एक वाचक, नवापूर

उत्तर : पोल्ट्रीत वापरून झालेलं तर अजिबात नको, त्यात आधीच अमोनिया आणि जंतू असतात. नवं कोरडं तूसही ट्रेला फारसं उपयोगाचं नाही, भाताच्या तुसाला ओल धरता येत नाही, शू खाली तळाला जाऊन साचते आणि वरून सगळं कोरडं दिसतं, म्हणून आपण फसतो. तुमच्या भागात भाताचा पेंढा भरपूर, तो कागदाच्या थरावर अंथरायला वापरा, बुरशी नसलेला बघून घ्या. पावसाळ्यात तुमच्याकडे ओल जास्त, तेव्हा रोज सशाला उचलून शेपटीखाली बघायचंच. केस मुताने ओले राहिले की माशा अंडी घालतात आणि एका दिवसात अळ्या पडतात. ते दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका, तासाभरात डॉक्टर.

प्रश्न : शू ट्रेमध्ये, पण लेंड्या घरभर. मारू का ओरडू? – एक वाचक, धुळे

उत्तर : दोन्ही नको, त्याला त्यातलं काही कळणार नाही, फक्त तो तुम्हाला घाबरेल. रानातले मूळ युरोपियन ससेसुद्धा हद्दीवर ठरावीक जागी लेंड्यांचे ढीग घालतात, नव्या घरात तेच चालू असतं. त्याला काही दिवस एकाच खोलीत ठेवा, लेंड्या झाडून ट्रेमध्येच टाका, हळूहळू जागा वाढवा. चार दोन लेंड्या बाहेर पडणारच, कोरड्या असतात, केरसुणीने निघतात, कुंडीत टाका, लेंडीखत थेट चालतं.

पण मऊ, काळपट, द्राक्षाच्या घोसासारखं चिकट काही दिसलं तर ती हगवण नाही. ती वेगळ्या प्रकारची विष्ठा आहे, ससा ती थेट गुदद्वाराजवळून तोंडाने घेऊन खातो आणि त्यातून त्याला जीवनसत्त्वं मिळतात, किळस करून थांबवू नका. ती रोजच पडून राहायला लागली तर खाणं चुकतंय, दाण्याचा खुराक कमी करा, गवत वाढवा. आणि उलट बाजूने, ट्रे सकाळी जसा भरला तसाच रात्री, म्हणजे दहा-बारा तास एकही लेंडी नाही आणि खाणंही बंद, तर पोट थांबलंय. सकाळची वाट बघायची नाही.

प्रश्न : केळीच्या बागेत सशाची दोन पिल्लं सापडली, मुलांनी घरी आणलीत. यांना ट्रेची सवय लागेल का? – एक वाचक, रावेर

उत्तर : नाही लागणार, आणि लावूही नका. तो रानससा आहे, पाळीव ससा वेगळा प्राणी. रानससा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो, घरी ठेवता येत नाही. पिल्लं अनाथ नसतात बहुतेक वेळा, आई दिवसभर लांब राहते आणि अंधार पडल्यावर दूध पाजायला येते. आज संध्याकाळच्या आत जिथून उचलली तिथेच नेऊन ठेवा, तिथे घड कापणी चालू असेल तर बाजूच्या गवतात थोड्या अंतरावर. माणसाचा हात लागला म्हणून आई टाकून देते असं काही नसतं. पिल्लू जखमी असेल तर वनविभागाला फोन करा, तोवर गाईचं दूध पाजू नका.