३०० एलपी झाल्या तरी रविवारी पाय बाजाराकडेच वळतात, काय करू?

तुम्ही विचारलंय की ३०० एलपी (गाण्यांच्या लाँग-प्ले रेकॉर्ड्स) झाल्यात, गाण्यांची २ टीबीची हार्ड डिस्क भरत आलीये, घरात रोज बोलणी खावी लागतात, तरी रविवार उजाडला की जुन्या बाजारात जायची हुक्की येतेच, तर हे थांबवायचं कसं. थांबत नाही हो. मी २५ वर्षं झाली थांबवतोय. "ही शेवटची" म्हणून घेतलेल्या रेकॉर्ड्सचाच आता एक वेगळा कप्पा झालाय माझ्याकडे.

पण एक किस्सा सांगतो. काही वर्षांपूर्वी माझी १ टीबीची डिस्क गेली. मैफिलींची रेकॉर्डिंग्ज, रेडिओवरून टेप करून नंतर कॉम्प्युटरवर घेतलेलं, मित्रांकडून कॉपी करून आणलेलं, सगळं त्यात. सकाळी जोडली तर आतून टक् टक् आवाज आणि स्क्रीनवर काहीच दिसेना. बॅकअप अर्थातच नव्हता, उद्या करू उद्या करू चाललेलं. दुकानदाराने डेटा काढून द्यायचे जे पैसे सांगितले त्यात नवीन टर्नटेबल आलं असतं. म्हटलं आधी यादी करू नेमकं काय गेलंय त्याची, म्हणजे एवढे पैसे घालायचे की नाही ते कळेल. वही घेऊन बसलो, एक चहा झाला, दुसरा झाला, आणि यादी २६ वर अडकली ती अडकलीच. १५ हजारांच्या वर फायली आणि डोकं खाजवून खाजवून २६! त्यातल्या ११ मित्राकडे होत्याच. म्हणजे बाकीचं मी धड ऐकलंच नव्हतं. डाउनलोड झालं की फोल्डरला नाव द्यायचं, राग, कलाकार, साल टाकायचं आणि लगेच पुढचं शोधायला लागायचं, सगळी मजा तेवढ्यातच. पैसे वाचले म्हणा, पण ती वही मी अजून टाकलेली नाही.

एलपींचं पण तेच. एकदा कपाट आवरताना एकाच एलपीच्या तीन कॉपी निघाल्या, त्यातली एक तर प्लास्टिकचं सील पण न फोडलेली. (सील तसंच ठेवू नका बरं का, आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते प्लास्टिक आवळत जातं आणि आतली तबकडी वाकते. माझी वाकली.)

तेव्हापासून मी फक्त ७८ घेतो, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या रेकॉर्ड्स, त्यातही जयपूर-अत्रौली घराण्याचे गायक आणि जुनी नाट्यपदं, बाकी कितीही स्वस्त मिळू दे, हात लावत नाही. जवळपास नाही असं म्हणू. ७८चा फायदा असा की ती मागे चालू ठेवून ऑफिसचं काम करता येत नाही. एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं, उठा, ग्रामोफोनला चावी द्या, पिन बदला, कारण स्टीलची पिन एका बाजूला एकच, तबकडी उलटा, परत बसा. एका संध्याकाळी पाच-सहा झाल्या तरी खूप झालं. एलपीची एक बाजू वीस मिनिटं वाजत राहते आणि आपण मोबाईल बघत बसतो. आणि त्या तीन मिनिटांत ही माणसं काय करून ठेवायची! मैफिलीत तासभर राग मांडणाऱ्या, याच घराण्याच्या केसरबाई केरकर, इथे आलापाला वेळच नाही, थेट मुद्द्यावर, तानेवर तान, तरी घाई म्हणून जाणवत नाही. दहा वेळा ऐकली की अकराव्या वेळी एखादी जागा नव्याने सापडते. गायिका गौहर जान १९०२ मध्ये कलकत्त्यात रेकॉर्ड करताना शेवटी "माय नेम इज गौहर जान" म्हणायची ते लोकांना आज गंमत वाटते, पण मास्टर, म्हणजे ज्यांवरून रेकॉर्ड्स छापायच्या त्या मूळ तबकड्या, जायच्या जर्मनीला, हॅनोव्हरला, आणि तिथल्या माणसांना गाणारं कोण ते कळावं म्हणून ही सोय. असलं काही कळलं की पुढचे दोन आठवडे नवीन घ्यायची आठवण होत नाही. तुम्ही ७८ च घ्या असं नाही, पण एक काहीतरी धरा, एक घराणं, एक वाद्य, एक लेबल.

७८ कडे वळलातच तर, स्पिरिट किंवा अल्कोहोलने अजिबात पुसू नका, ती लाखेची असते, विरघळते. टर्नटेबलवर लावणार असाल तर एलपीची सुई चालत नाही, ७८ ची खाच रुंद, तिला ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई लागते. उभ्या ठेवा. आणि खुर्चीवर ठेवून चहा आणायला जाऊ नका, कसं माहीत ते विचारू नका.

जुन्या बाजारात तो ताडपत्रीवाला सुटी रेकॉर्ड देतच नाही, "काका, अख्खा गठ्ठा उचला, १५०० द्या". मागच्या रविवारी एका बालगंधर्वांसाठी ४० रेकॉर्ड्स घरी आल्या, निम्म्या सिनेमाच्या, दोन तडकलेल्या आणि एक इंग्रजी शिकवण्याची. तुम्ही यायचंच म्हणत असाल तर बुधवारी या, गर्दी कमी असते, गठ्ठा वाटून घेऊ. नाट्यपदं माझी, बाकी सगळं तुमचं. वहिनींना फक्त माझं नाव सांगू नका.