अमेरिकेत शाळेत गोळीबार झाला तर पोलीस नेमकं काय करतात? त्यांची तयारी कशी असते?

प्रश्नासोबत तुम्ही लिहिलंय की तुमची बहीण दोन मुलांना घेऊन अमेरिकेला राहायला निघाली आहे, आणि २०२२ मध्ये टेक्सासमधल्या युवाल्डी गावच्या शाळेत गोळीबार झाला तेव्हा पोलीस इतका वेळ बाहेर का थांबले हे तुमच्या मनातून जात नाही. मी पोलिसात नाही. मी अमेरिकेतल्या एका पब्लिक स्कूलमध्ये, म्हणजे सरकारी शाळेत, सहायक शिक्षिका आहे. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या भागातल्या पोलिसांनी एका रिकाम्या शाळेत सराव ठेवला होता आणि जखमींची कामं करायला माणसं हवी होती. मी नाव दिलं. त्या दिवशी पाहिलेलं, शाळेच्या प्रशिक्षणांत शिकलेलं आणि नंतर चौकशी अहवालांतून वाचलेलं, त्या आधारावर सांगते.

आधी जुना नियम काय होता ते सांगायला हवं, त्याशिवाय आजचा कळत नाही. १९९९ पर्यंत साध्या गस्तीच्या पोलिसांना एवढंच शिकवलेलं असे : इमारतीला वेढा घाला, कोणाला आत-बाहेर जाऊ देऊ नका, स्वाट पथक (पोलिसांचं खास शस्त्रसज्ज पथक) येईपर्यंत थांबा. बँकेत शिरून माणसं ओलीस धरणाऱ्या दरोडेखोरासाठी हा नियम ठीक होता. त्याला पैसे हवे असतात, सुटका हवी असते, त्यामुळे बोलणी करता येतात आणि जितका वेळ जाईल तितका तो थकतो. २० एप्रिल १९९९ ला कोलोरॅडोतल्या कोलंबाइन हायस्कूलमध्ये दोन विद्यार्थ्यांनी १२ विद्यार्थी आणि एका शिक्षकाला मारलं, तेव्हा पोलिसांनी हाच नियम पाळला. बाहेरून गोळ्यांची देवाणघेवाण झाली, पण पहिलं स्वाट पथक आत शिरेपर्यंत पाऊण तास उलटला होता. गोळी लागलेले ते शिक्षक एका वर्गात पडून होते. मुलं स्वतःचे शर्ट काढून त्यांची जखम दाबून धरत होती. बाहेरच्यांना कळावं म्हणून खिडकीत फलक लावला होता : एक जण रक्तस्रावानं मरतोय. पोलीस त्यांच्यापर्यंत पोचले तेव्हा तीन तासांहून जास्त वेळ गेला होता. ते वाचले नाहीत.

तिथून सगळं उलटं झालं. शाळेत शिरलेल्याला बोलणी करायची नसतात, तो मारायलाच आलेला असतो. म्हणजे गेलेलं प्रत्येक मिनिट त्याच्या बाजूचं. म्हणून आता पहिला येणारा पोलीस थेट आत जातो. सुरुवातीला चौघं जमले की चौकोन करून शिरायचं, असं शिकवत. नंतर दोघं पुरेत म्हणू लागले, आणि आता बहुतेक ठिकाणी सांगतात की एकटा असलास तरी जा. २००२ साली टेक्सास स्टेट युनिव्हर्सिटीत ‘अलर्ट’ नावाचं प्रशिक्षण केंद्र याच कामासाठी सुरू झालं, आणि २०१३ मध्ये एफबीआयनं त्यांचीच पद्धत देशभरासाठी प्रमाण मानली.

एवढी घाई कशासाठी, ते आकड्यांवरून कळतं. २००० ते २०१३ या काळातल्या अशा १६० घटना एफबीआयनं तपासल्या (सगळ्या शाळेतल्या नव्हेत). त्यातल्या ज्या ६३ घटनांचा कालावधी नीट ठरवता आला, त्यांपैकी ४४ पाच मिनिटांच्या आत संपल्या होत्या, आणि त्यातल्या २३ तर दोन मिनिटांत. डिसेंबर २०१२ मध्ये सँडी हूक प्राथमिक शाळेत सहा-सात वर्षांची २० मुलं आणि सहा मोठी माणसं मारली गेली. तिथे ९११ ला (हा इथला आणीबाणीचा नंबर) पहिला फोन लागल्यापासून हल्लेखोरानं स्वतःला संपवेपर्यंत पाच मिनिटंही झाली नव्हती.

आता तो सराव. सकाळी आत सोडण्याआधी प्रत्येकाची झडती झाली, प्रशिक्षकांचीसुद्धा. खऱ्या बंदुका आणि गोळ्या बाहेर एका गाडीत कुलूपबंद. पोलिसांच्या हातात रंगाच्या गोळ्या मारणाऱ्या सरावाच्या बंदुका होत्या. ती गोळी लागली की चांगली झिणझिणी येते आणि कपड्यावर डाग पडतो. आगीची घंटा मुद्दाम चालू ठेवली होती, कारण बंदुकीच्या धुरानं आणि छताच्या धुळीनं ती खरोखरच वाजते. फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेत २०१८ साली गोळीबार झाला तेव्हा तसंच झालं होतं. त्या घंटेत शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. माझ्या मांडीवर खोटी जखम रंगवली आणि गळ्यात एक कार्ड अडकवलं : मांडीत गोळी, खूप रक्त, शुद्धीवर, बोलू शकते. मला कॉरिडॉरमध्ये, पाण्याच्या नळाजवळ झोपवलं. सांगितलं होतं की पोलीस आले की ओरड, त्यांना धरून ठेव.

दोघं आले. मी ओरडले, पहिल्याची पँट घोट्याजवळ घट्ट पकडली. त्यानं खालीही न बघता पाय सोडवला आणि मला ओलांडून गेला. तो तसाच जाणं अपेक्षित होतं, मला आधी समजावलंही होतं. बंदूकवाला उभा आहे तोवर एका जखमीपाशी थांबलं तर पुढच्या वर्गात आणखी पाच जखमी होतात. हे सगळं माहीत होतं, जखम रंगाची होती, तरी तो गेल्यावर मला रडू आलं. दहा-बारा मिनिटांनी तोच परत आला, मांडीला रक्त थांबवणारा आवळपट्टा बांधला, वर वेळ लिहिली. दुपारी जेवताना मी त्याला विचारलं, माझा हात सोडवताना काय वाटलं? तो म्हणाला, कसला हात? त्याला मी तिथे असल्याचंच आठवत नव्हतं. प्रशिक्षक म्हणाले, हे नेहमीचं आहे. अशा ताणात नजर एका बोगद्यातून बघितल्यासारखी होते, कान बंद होतात. म्हणूनच तर इतक्या वेळा करून घेतात. नुसतं वर्गात बसून ऐकलेलं त्या क्षणी डोक्यात उरत नाही.

तुमचा खरा प्रश्न युवाल्डीचा आहे. २४ मे २०२२, रॉब प्राथमिक शाळा, टेक्सास. १९ मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. हल्लेखोर सकाळी ११.३३ ला आत शिरला, तीन-चार मिनिटांत पोलीसही आत पोचले. म्हणजे सुरुवात शिकवल्याप्रमाणेच झाली होती. दारातून त्यांच्यावर गोळ्या आल्या आणि ते मागे हटले. तिथून पुढे त्यांनी त्याला ‘खोलीत दडून बसलेला माणूस’ असं धरलं, म्हणजे १९९९ च्या आधीचा नियम लावला. ढाली येऊ देत, किल्ली मिळू देत, जास्त माणसं येऊ देत. आतून एक लहान मुलगी ९११ ला फोन करून पोलिसांना पाठवा म्हणून सांगत होती आणि पोलीस त्याच कॉरिडॉरमध्ये उभे होते. ज्या दाराच्या किल्लीसाठी एवढा वेळ गेला, ते बहुधा कुलूपबंद नव्हतंच, आणि ते ओढून कोणी पाहिलं नव्हतं, असं चौकशीत निघालं. शेवटी १२.५० ला सीमा पोलिसांचं पथक घुसलं. ७७ मिनिटं. तोवर तिथे वेगवेगळ्या खात्यांचे ३७६ पोलीस जमले होते.

युवाल्डीच्या शाळांसाठी नेमलेल्या पोलिसांचा याच विषयावरचा सराव दोनच महिने आधी झाला होता, म्हणून ‘प्रशिक्षण नव्हतं’ एवढ्यावर मला ते सोडून देता येत नाही. माझं मत विचाराल तर घोटाळा हुकुमाचा होता. ज्यांनी सूत्रं हातात घ्यायची त्यांनी घेतली नाहीत, वायरलेस इमारतीत नीट चालत नव्हते, आणि नंतर येणारा प्रत्येक जण असंच धरून चालला की पुढे कोणीतरी ठरवतोय. पुढचे थांबलेत म्हणजे थांबायचं असेल. शंभर माणसं अशी उभी राहिली की एकशेएकाव्याला हलणं फार कठीण जातं. त्या मुलांच्या आईबापांना शाळेबाहेर अडवून धरलं होतं. त्याबद्दल मी कितीही वेळा वाचलं तरी मला शांतपणे लिहिता येत नाही.

याच्या उलट, मार्च २०२३ मध्ये नॅशव्हिलच्या एका खासगी शाळेत पहिल्या फोननंतर सुमारे १४ मिनिटांत पोलिसांनी हल्लेखोराला गाठून मारलं. त्यांच्या अंगावरच्या कॅमेऱ्यांचं चित्रण पोलिसांनी दुसऱ्याच दिवशी जाहीर केलं. शाळेतली एक बाई बाहेर थांबून किल्ली देते, मुलं कुठे आहेत ते सांगते. पोलीस खालच्या खोल्या एकेक करून तपासायला लागतात. वरच्या मजल्यावरून आवाज येतो, आणि ते राहिलेल्या खोल्या सोडून आवाजाकडे धावतात. तरीही त्या दिवशी तीन मुलं आणि तीन मोठी माणसं गेलीच. पोलिसांनी सगळं बरोबर केलं तरी पहिल्या काही मिनिटांत ते तिथे नसतात, हे तुमच्या बहिणीनं मनाशी धरूनच चालावं.

त्या पहिल्या मिनिटांत कामाला येतं ते दार. आमच्या सरावाच्या दुसऱ्या फेरीत मी वर्गातली शिक्षिका होते. दिवे बंद, खिडकीतून दिसणार नाही अशा भिंतीला चिकटून आम्ही सगळे. बाहेरून कोणीतरी दार बडवलं : पोलीस! उघडा! मी उठून कडीला हात घातला आणि प्रशिक्षकानं मनगट धरलं. उघडायचं नाही. खरे पोलीस असतील तर किल्लीनं उघडतील. हल्लेखोरही ‘पोलीस’ म्हणून ओरडू शकतो. सप्टेंबर २०२४ मध्ये जॉर्जियातल्या अपालाची हायस्कूलमध्ये एका वर्गातली मुलगी दार उघडायला गेली, तिला बाहेर बंदूक दिसली आणि ती मागे सरली. तो वर्ग वाचला. शेजारी मात्र गोळ्या सुटल्या. त्या दिवशी दोन विद्यार्थी आणि दोन शिक्षक मारले गेले. तिथल्या शिक्षकांच्या ओळखपत्रांवर धोक्याचं बटण होतं, त्यामुळे शाळेतलाच पोलीस काही मिनिटांत समोर जाऊन उभा राहिला आणि चौदा वर्षांचा तो हल्लेखोर मुलगा शरण आला.

म्हणून तयारीतला बराच भाग बंदुकीशिवायचा असतो. बऱ्याच ठिकाणी पोलिसांकडे शाळेचे नकाशे आणि किल्ल्या असतात, प्रत्येक दारावर आणि बाहेरच्या भिंतीवर मोठे क्रमांक रंगवतात, गाडीत दार फोडायची अवजारं ठेवतात (२००७ मध्ये व्हर्जिनिया टेकला हल्लेखोरानं इमारतीची दारं आतून साखळीनं बांधली होती). अग्निशमन दलाचे वैद्यकीय कर्मचारी पूर्वी सगळं सुरक्षित होईपर्यंत बाहेर थांबत. आता बऱ्याच ठिकाणी ते पोलिसांच्या पहाऱ्यात आत जाऊन जखमी उचलतात. शाळेत पोलीस नेमणं हा वादाचा विषय आहे, त्यात शिरत नाही. पार्कलंडला सशस्त्र पोलीस होता आणि तो बाहेरच थांबला. १७ जण गेले. नंतर त्याच्यावर खटला झाला आणि तो निर्दोष सुटला.

आणि जीव वाचवणारं आणखी एक काम टीव्हीवर दिसत नाही. सीक्रेट सर्व्हिसनं (राष्ट्राध्यक्षांची सुरक्षा बघणाऱ्या खात्यानं) २००२ साली शाळांवरच्या ३७ हल्ल्यांचा अभ्यास केला, तेव्हा ८१ टक्के हल्ल्यांत आधी निदान एकाला तरी कल्पना होती. बहुतेकदा वर्गमित्राला. म्हणून आता शाळा, पोलीस आणि समुपदेशक मिळून धमक्यांची छाननी करतात, मुलांना नाव न सांगता कळवायची सोय असते. हे काम दरवेळी साधतं असं नाही. अपालाचीच्या त्या मुलाची आणि त्याच्या वडिलांची २०२३ मध्ये ऑनलाइन धमक्यांवरून स्थानिक पोलिसांनी चौकशी केली होती, आणि अटकेपुरतं काही हाती लागलं नव्हतं.

बहिणीला सांगा, शाळेत नाव घालताना तिथे येणाऱ्या पोलिसाचं आणि समुपदेशकाचं नाव विचारून घ्यावं, वर्गाची दारं आतून कुलूपबंद होतात का हेही विचारावं. विचित्र वाटेल म्हणून संकोच करू नये, इथले सगळे पालक विचारतात. आपत्कालीन संपर्काच्या कागदावर दोघा-तिघांची नावं द्यावीत आणि ओळखपत्र कायम जवळ ठेवावं. कारण असं काही झालं तर मुलांना बसनं दुसऱ्या ठिकाणी नेतात, आणि यादीत नाव असलेल्या माणसाचं ओळखपत्र बघितल्याशिवाय सोडत नाहीत. त्या वेळी शाळेकडे गाडी घेऊन धावू नये, रस्ता अँब्युलन्सला लागतो. मुलाला फोनही करू नये. तो अंधारात गप्प बसलेला असतो आणि फोन वाजतो.

मुलं पहिल्या लॉकडाऊनच्या, म्हणजे दार लावून गप्प लपून बसण्याच्या, सरावानंतर घरी आली की बहुधा रात्री विचारतील. माझ्या वर्गातला एक मुलगा विचारत होता, मला शिंक आली तर? मी त्याला सांगितलं, कोपरात तोंड घालून शिंक, मी शेजारीच असेन.