नाताळ, शाळा आणि कोविड: वाचकांचे प्रश्न

2020 साली कोविडच्या साथीत महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळे 16 नोव्हेंबरला उघडली, नववी ते बारावीचे वर्ग 23 तारखेपासून सुरू करायला परवानगी मिळाली आणि कोल्हापुरातल्या ख्रिस्ती शाळांतून पत्रे येऊ लागली. त्यांतले पाच प्रश्न आणि त्या वेळच्या नियमांप्रमाणे दिलेली उत्तरे या अंकात घेतली आहेत.

प्रश्न: मैदानावरची सकाळची प्रार्थना बंद आहे. ती वर्गात कशी घ्यावी? (शिक्षिका, नागाळा पार्क)

उत्तर: मनाई गर्दी जमवायला आहे, प्रार्थनेला नाही. मुले आपापल्या बाकावर मास्क लावून बसतील आणि कार्यालयातल्या माइकवरून एकच आवाज येईल, अशी व्यवस्था करा. बायबलमधल्या एखाद्या स्तोत्रातली सहा-आठ वचने, एक मिनिट शांतता, आजाऱ्यांसाठी व दवाखान्यात राबणाऱ्यांसाठी विनंती, शेवटी हळू आवाजात प्रभूची (येशूने शिकवलेली) प्रार्थना. हे सारे पाच-सहा मिनिटांत आटपावे. लांबले की चुळबुळ सुरू होते आणि मास्क हनुवटीवर येतात.

दिवसाला एकाच मुलाने वाचावे, माइक हातोहात फिरवू नये. त्यावर सॅनिटायझर फवारू नका, आतला स्पंज भिजला की आवाज बसतो. बाहेरून स्पिरिटच्या बोळ्याने पुसले तरी पुरे. डिसेंबरच्या गारठ्यात खिडक्या लावून घ्यायचा मोह होतो. मुलांना स्वेटर घालू द्या, पण समोरासमोरच्या खिडक्या उघड्याच राहू द्या.

खालच्या वर्गांची मुले घरी आहेत. त्यांच्यासाठी गुगल मीटवर सामुदायिक वाचन ठेवू नका. प्रत्येकाचा आवाज थोडा मागेपुढे पोहोचतो आणि तिसऱ्या वचनापर्यंत नुसता गोंगाट उरतो. एकाने वाचावे, बाकीच्यांचे माइक बंद असावेत. बऱ्याच घरांत एकच फोन असतो आणि तो सकाळी वडिलांबरोबर कामावर जातो. अशा मुलांसाठी तीन मिनिटांचा ऑडिओ आदल्या संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर पाठवा. आमच्या मते सगळ्यांसाठीच ही पद्धत जास्त न्याय्य आहे.

प्रश्न: बायबलमधल्या स्तोत्र 91 मध्ये मरीपासून, म्हणजे साथीच्या रोगापासून, रक्षणाचे वचन आहे. मग मास्क लावणे हा अविश्वास नाही का? (पालक, रुईकर कॉलनी)

उत्तर: नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या चौथ्या अध्यायात सैतान हेच स्तोत्र पुढे करून येशूला मंदिराच्या शिखरावरून उडी टाकायला सांगतो. येशू नकार देतो, देवाची परीक्षा पाहू नये म्हणतो. बायबलच्या जुन्या करारातल्या लेवीय 13 मध्ये तर संशयित रुग्णाला सात दिवस वेगळे ठेवून पुन्हा तपासायची आज्ञाच आहे. स्तोत्र 91 मुलांना जरूर शिकवा, धीर देण्यासाठीच ते आहे. फक्त ते सांगून कुणाच्या आजीला धोक्यात घालू नका.

प्रश्न: मास्क लावून नाताळची गाणी वर्गात बसवता येतील का? (संगीतशिक्षक, कसबा बावडा)

उत्तर: 2020 च्या या नाताळात नको. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या 4 जून 2020 च्या सूचनांत प्रार्थनास्थळी गायकवृंदाला मनाई केली होती, ध्वनिमुद्रित गीतांना मुभा दिली होती. शाळेनेही तेच पाळावे. गाताना श्वास खोल घेतला जातो आणि जोराने सोडला जातो. त्यातून निघणारे सूक्ष्म थेंब बंद खोलीत बराच वेळ तरंगतात. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात 10 मार्च 2020 ला एका गायकवृंदाची अडीच तास तालीम झाली. हजर 61 जणांपैकी 53 जणांना लागण झाली किंवा तशी लक्षणे दिसली आणि दोघे दगावले.

मुलांना घरी गाऊ द्या आणि आवाज शाळेत जोडा. आधी पेटी-तबल्यावर चाल रेकॉर्ड करा. पट्टी ठरवून लिहून कळवा. मुलांच्या आवाजाला पेटीची काळी चार किंवा पाच बहुधा जमते. सुरुवातीला चार मात्रा मोजा आणि एक टाळी द्या. मुलाने एका फोनवर इयरफोन लावून चाल ऐकावी आणि दुसऱ्यावर गावे. टाळीही स्वतः द्यावी, म्हणजे जोडताना सगळ्यांच्या टाळ्या एका रेषेत आणता येतात. इयरफोन नसला तर पेटीचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये शिरतो आणि वीस मुलांचे जोडले की वीस पेट्या ऐकू येतात. पंखा बंद ठेवा. शेजाऱ्याचा फोन घ्यावा लागला तर घाई करू नका, आठवडाभर मुदत द्या.

प्रश्न: शिक्षक व वसतिगृहातल्या मोठ्या मुलांसाठी प्रभुभोजन (येशूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस घेण्याचा विधी) कसे द्यावे? (चर्चच्या पंचमंडळाचे सदस्य, कोल्हापूर)

उत्तर: एकच प्याला फिरवू नका. द्राक्षारसातल्या मद्यार्काने विषाणू मरत नाही, त्याला त्याच्या कितीतरी पट तीव्रता लागते. लहान पेले अर्धे भरा, भाकर आधीच कापून झाका. तयारी एकाच व्यक्तीने हात धुऊन, मास्क लावून करावी. तबक न फिरवता पेले टेबलावर अंतराने मांडा. काचेचे पेले गरम पाण्यात साबणाने धुवा. कॅथलिक उपासनेत, म्हणजे मिस्सामध्ये, फक्त भाकर देऊनही सहभागिता पूर्ण मानली जाते, तिथे ही अडचण येत नाही.

एक कळकळीची सूचना. मेणबत्त्यांची उपासना असेल तर सॅनिटायझर लावून लगेच काडी ओढू नये, मद्यार्क पेट घेतो. त्या दिवशी दाराशी साबण-पाणी ठेवा.

प्रश्न: ऑनलाइन नाताळ उपासना सगळ्या विद्यार्थ्यांना सक्तीची करावी का? (मुख्याध्यापक, कोल्हापूर)

उत्तर: करता येत नाही. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर 1852 साली कोल्हापुरात आले, तेव्हापासून इथल्या मिशन शाळांत इतर धर्मांच्या घरांतली मुलेही शिकत आली आहेत. संविधानाच्या अनुच्छेद 28(3) प्रमाणे शासनमान्य किंवा अनुदानित शाळेत उपासनेला बसण्याची सक्ती नाही, आणि विद्यार्थी अल्पवयीन असेल तर पालकांची संमती लागते. लिंक वर्गाच्या ग्रुपवर न टाकता संमती दिलेल्या पालकांना वेगळी पाठवा. त्या तासाची हजेरी घेऊ नका.