परसातल्या कोंबड्या : तुमची पत्रं, माझी उत्तरं

प्रश्न : काकू, आमच्याकडे १४ कोंबड्या आहेत, ९ गिरिराज आणि ५ गावठी. पाऊस लागल्यापासून दिवसभर खुराड्यातच असतात. खुराडं ५ बाय ३ फुटांचं. मुंगसाच्या भीतीने रात्रभर बल्ब चालू असतो. खायला तांदळाची कणी आणि घरातलं उरलंसुरलं. दहा दिवस झाले, एकमेकींच्या शेपटीची पिसं उपटून खातायत. एकीची पाठ रक्ताळलीय. शेजारी म्हणतात, चोची कापा. कापू का?
— एक वाचक, संगमेश्वर

उत्तर : ताई, चोच कापू नका. चोचीत जीव असतो. घरातल्या सुरीने कापली तर रक्त थांबत नाही, आणि दुखऱ्या चोचीने कोंबडी दाणाच सोडते.

पत्र वाचून होताच ती रक्ताळलेली कोंबडी बाजूला काढा. लाल दिसलं की बाकीच्या टोचणारच, आणि एकीचं बघून दुसरी शिकते. जखम मिठाच्या कोमट पाण्याने धुवा, कोरडी करा, वर कडुनिंबाचं तेल लावा. त्याच्या कडू वासाने माश्याही बसत नाहीत. तरी पावसाळा आहे, रोज सकाळ-संध्याकाळ पिसं बाजूला सारून अळ्या पडल्या नाहीत ना ते बघा. तिला डालग्याखाली ठेवा, पण डालगं खुराड्यासमोरच असू दे, बाकीच्यांना ती दिसायला हवी. चार-आठ दिवस नजरेआड गेलेली कोंबडी परत आली की कळप तिला परकी समजून मारतो. जखम भरली की रात्री, सगळ्या पेंगत असताना, हळूच आत सोडा.

आता मूळ दुखणं. १५ चौरस फुटांत १४ कोंबड्या रात्रीपुरत्या दाटीवाटीने झोपतील, दिवसभर राहू शकत नाहीत. कोंडून ठेवायचं तर एकीला दोन-तीन चौरस फूट तरी जागा लागते. कोंबडीचा जन्म उकरण्यात जातो. पायाखाली उकरायला काही नसेल तर ती चोच शेजारणीच्या शेपटीत घालते.

२००५ च्या जुलैतल्या त्या पावसात माझ्याकडे हेच झालं होतं. ७ कोंबड्यांच्या शेपट्या गेल्या. शेवटी गोठ्याच्या पडवीला मासेमारीचं जुनं जाळं बांधलं, खाली चार बोटं जाड भाताचं तूस पसरलं आणि त्यातच मूठभर दाणे फेकले. तिसऱ्या दिवशी सगळ्या तुसात गुंतल्या होत्या. तुम्हीही एखादी पडवी अडवा. तूस ओलं झालं की बदला. ओल्या गादीत लहान पिल्लांना रक्ती हगवण लागते. एका कोपऱ्यात घमेल्यात चुलीची राख आणि कोरडी माती ठेवा, त्यात लोळून त्या अंगावरच्या उवा झाडतात. मेथीची किंवा माठाची जुडी छपराला टांगा, मान उंच करून टोचावी लागेल इतकी वर.

बल्ब आजच बंद करा. मुंगूस दिवसाचा शिकारी, रात्री तो बिळात असतो. रात्री येतं ते रानमांजर किंवा साप, आणि त्यांना उजेड अडवत नाही. बारीक जाळी आणि घट्ट कडी अडवते. रात्रभर उजेडात कोंबड्या झोपत नाहीत, टोचत बसतात.

आणि नुसती कणी पुरत नाही. तांदळात प्रथिनं सात-आठ टक्के, अंड्यावरच्या कोंबडीला सोळा-सतरा टक्के लागतात. पिसं म्हणजे निव्वळ प्रथिनं, म्हणून तर ती खातायत. कणीत शेंगदाण्याची पेंड आणि जवळ्याच्या सुकटीचा चुरा मिसळा. सुकट खारवलेली नको, जास्त मीठ कोंबडीला बाधतं. तिसऱ्यांचे शिंपले भाजून, कुटून वेगळ्या वाटीत ठेवा, अंड्याचं कवच जाड होईल.

प्रश्न : आठवडी बाजारातून दोन कोंबड्या आणल्या. आठवड्याने त्या पेंगू लागल्या, हिरवट-पांढरी शीट, मग एकीची मान वाकडी. दोन्ही मेल्या. आता घरच्यांपैकीही ४ पेंगतायत. माणसांच्या तापाच्या गोळ्या आहेत, त्या द्याव्यात का? वाडीत अजून चार घरी कोंबड्या आहेत.
— एक वाचक, पाटण

उत्तर : दादा, गोळ्या देऊ नका. तुम्ही लिहिता त्यावरून ही मानमोडी, म्हणजे राणीखेत वाटते. कुमाऊंतल्या त्या गावाचं नाव या रोगाला १९२७ पासून चिकटलं. हा विषाणू आहे, लागल्यावर औषध नाही. खात्री पशुवैद्यकीय दवाखान्यातच होईल, म्हणून आजच कळवा. बर्ड फ्लूतही कोंबड्या अशाच धडाधड मरतात. २००६ साली नंदुरबारच्या नवापुरात तो देशात पहिल्यांदा सापडला. मेलेल्या पक्ष्याला उघडा हात लावू नका. खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा, ओढ्यात फेकू नका. आजारी कोंबडी बाजारात विकू नका. हे मी हात जोडून सांगते, कारण तुमच्या दोन कोंबड्याही कुणीतरी अशाच विकल्या असतील.

मीही एकदा बाजारातली तलंग, म्हणजे तरणी कोंबडी, थेट कळपात सोडली होती. देखणी होती, तुरा लालबुंद. बारा दिवसांत माझ्या ३० पैकी २२ गेल्या. तेव्हापासून नवी कोंबडी तीन आठवडे वेगळी ठेवते, आणि तिचं दाणापाणी सगळ्यांत शेवटी करते, म्हणजे माझ्या हातापायांनी रोग इकडे येत नाही.

साथ ओसरली की लस. पिल्लू ५ ते ७ दिवसांचं असताना लासोटा ही राणीखेतची लस, डोळ्यात किंवा नाकात एक थेंब. पुढे चौथ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा लासोटा, आणि आठ आठवड्यांनंतर आर-टू-बी ही राणीखेतचीच दुसरी लस, टोचून. लोक कचरतात ते एका कारणाने : कुपी १०० मात्रांची आणि घरात पिल्लं आठ. कालवलेली लस दोनेक तासांत वापरावी लागते. म्हणून वाडीने मिळून एक दिवस ठरवा. लस बर्फ घातलेल्या थर्मासमध्ये आणा. पिशवीत टाकून एसटीच्या उन्हातून आणलेली लस म्हणजे नुसतं पाणी.

प्रश्न : आमची एक कोंबडी दहा दिवस रिकाम्या खोक्यात बसून आहे, फुगते, अंगावर येते. ह्यांनी तिला बादलीत बुडवलं, तरी उठत नाही. आजारी आहे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आजारी नाही, खुडूक झालीय, म्हणजे अंडी उबवायला बसलीय. बुडवू नका, बिचारीला थंडी मात्र भरेल. पिल्लं नको असतील तर तळाला जाळी असलेल्या, खालून वारा लागेल अशा पिंजऱ्यात तीन-चार दिवस ठेवा, दाणापाणी भरपूर द्या. पोटाखालची ऊब गेली की खुडूक मोडते, दोनेक आठवड्यांत पुन्हा अंडी सुरू होतात.

पिल्लं हवी असतील तर कोंबडा असलेल्या घरून दहा-बारा ताजी अंडी आणा आणि रात्री तिच्याखाली सरकवा. सातव्या रात्री अंडं बॅटरीसमोर धरा, आत लाल शिरा दिसल्या तर भरलंय. दिवस २१. अठराव्या दिवसानंतर अंड्यांना हात लावू नका, आणि तिची पाण्याची वाटी चोच पोचेल इतक्या जवळ ठेवा.