सायन्स फिक्शन सिरियलचा प्रोड्यूसर व्हायचं म्हणजे नेमकं काय करायचं

पाचोऱ्याच्या एका भावाचा प्रश्न आहे, थोडक्यात असा: मेकॅनिकलचा डिप्लोमा झालाय, लहानपणापासून अंतराळ, टाइम ट्रॅव्हल असल्या सिरियलचं वेड आहे, आता तशीच एखादी मराठीत किंवा अहिराणीत काढायची आहे, तर प्रोड्यूसर व्हायला कोणता कोर्स करू, फिजिक्स किती यावं लागतं, आणि खिशात पैसा नसताना या लाइनीत शिरता येतं का. घरचे म्हणताहेत आधी एमपीएससी दे.

भाऊ, मी मूळ अमळनेरचा, मुंबईत मालिकांच्या प्रॉडक्शनमध्ये बरीच वर्षं काढली, सेटवर कॉल शीट (कोणी कधी यायचं तो कागद) घेऊन पळण्यापासून एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसरपर्यंत. म्हणून सविस्तर लिहितो, लांबलं तरी पूर्ण वाच.

आधी पैशाचं. आपल्याकडे प्रोड्यूसर म्हटलं की लोकांना वाटतं पैसे लावणारा शेठ. सिनेमात ते बऱ्यापैकी खरं असेल पण टीव्हीत बहुतेक वेळा पैसा चॅनलचा असतो, दर एपिसोडमागे ठरलेली रक्कम मिळते आणि तेवढ्यात, ठरलेल्या तारखेला, दाखवण्यासारखा एपिसोड हातात देणं हे प्रोड्यूसरचं काम. म्हणजे लेखक निवडायचा, दिग्दर्शक निवडायचा, काय ठेवायचं आणि काय कापायचं ते ठरवायचं, आणि वरच्या साहेबाला एखादी गोष्ट नको असेल आणि तुला ती हवी असेल तर त्याच्यासमोर उभं राहायचं. सायन्स फिक्शनमध्ये तर हे दुप्पट लागतं, कारण जे दाखवायचंय ते अस्तित्वातच नसतं आणि ते बांधायला पैसे कधीच पुरत नाहीत. पैसे पुरत नाहीत ही अडचण जो कथेतच मुरवतो तो या प्रकारचा खरा प्रोड्यूसर, माझं ठाम मत आहे हे.

यासाठी तू एका बाईचं करिअर नीट अभ्यास. व्हेरिटी लॅम्बर्ट. बीबीसीच्या 'डॉक्टर हू' या टाइम ट्रॅव्हलच्या मालिकेची पहिली प्रोड्यूसर. जन्म १९३५, लंडन. फिजिक्सशी काही संबंध नाही. टीव्हीत शिरली ती ग्रॅनडा कंपनीच्या प्रेस ऑफिसात सेक्रेटरी म्हणून, मग एबीसी टेलिव्हिजनमध्ये टायपिस्ट, तिथून सरकत सरकत प्रॉडक्शन असिस्टंट. तेव्हा नाटकं लाइव्ह जायची. १९५८ साली असंच एक लाइव्ह नाटक चालू असताना एक नट मधेच वारला, नाटक तर थांबवता येत नव्हतं, दिग्दर्शक खाली फ्लोअरवर धावला बाकीच्या नटांना सीन बदलून द्यायला, आणि वर कंट्रोल रूममध्ये कॅमेऱ्यांचे शॉट सांगायला बसली ही २३ वर्षांची असिस्टंट. असा प्रसंग कुठल्याही कोर्सच्या सिलॅबसमध्ये नसतो भो. ती ते करू शकली कारण आधी रोज त्याच खोलीत बसून कोण कधी काय बोलतो हे तिने कानात साठवलेलं होतं.

एबीसीत तिचा बॉस होता सिडनी न्यूमन, कॅनडाचा माणूस. तो बीबीसीत ड्रामा विभागाचा प्रमुख होऊन गेला आणि १९६३ मध्ये त्याने तिला बोलावून घेतलं, शनिवारी संध्याकाळी सगळ्या घराने बसून बघायची टाइम ट्रॅव्हलची मालिका कर म्हणून. वय २७. बीबीसीच्या ड्रामात त्या वेळी ती सगळ्यात लहान प्रोड्यूसर, आणि बाई म्हणून एकटीच. पहिल्या कथेचा दिग्दर्शक वारिस हुसेन, आपल्या लखनौला जन्मलेला, तोही पंचविशीचाच. म्हणजे एक तरुण बाई, एक भारतीय वंशाचा पोरगा, आणि त्यांना दिलेला स्टुडिओ म्हणजे लाइम ग्रोव्हचा डी, जुना, लहान, आत दिव्यांनी नुसतं उकडायचं. आठवडाभर तालीम आणि शुक्रवारी एपिसोड जवळजवळ लाइव्हसारखा सलग रेकॉर्ड, कारण तेव्हा टेप कापून जोडणं महाग पडायचं.

सप्टेंबर १९६३ मध्ये पहिला एपिसोड शूट झाला आणि न्यूमनने तो बघून सांगितलं की हे चालणार नाही, पुन्हा करा. डॉक्टरचं, म्हणजे मालिकेच्या नायकाचं, पात्र फारच तिरसट वाटत होतं आणि तांत्रिक गडबडीही होत्या. ऑक्टोबरमध्ये सगळं परत शूट केलं. प्रसारण २३ नोव्हेंबर १९६३, म्हणजे केनेडींच्या हत्येचा दुसरा दिवस, लोकांचं लक्ष कुठे असेल सांग. तर पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाच्या आधी पहिला भाग पुन्हा दाखवला. पायलट, म्हणजे आधी काढलेला नमुन्याचा एपिसोड, नापास झाला म्हणून खचू नको एवढ्यासाठी हे सांगतोय, 'स्टार ट्रेक' या अमेरिकन अंतराळ मालिकेचा पहिला पायलटसुद्धा एनबीसी चॅनलने नाकारला होता, दुसरा करायला लावला आणि मग सप्टेंबर १९६६ मध्ये ती मालिका लागली. तिचा कर्ता जीन रॉडनबेरी, तोही आधी युद्धात बॉम्बर विमानाचा पायलट आणि मग लॉस एंजेलिसच्या पोलिसात, नोकरी करता करता टीव्हीसाठी लिहायला लागलेला माणूस.

आता पैसे कथेत मुरवणं म्हणजे काय ते बघ. डॉक्टरचं यान दर ठिकाणी नवं रूप घेणार अशी कल्पना होती, म्हणजे दर कथेला नवा सेट. त्यांनी काय केलं, यान बिघडलंय आणि पोलिसांच्या निळ्या खोक्याच्या रूपातच अडकलंय असं गोष्टीतच टाकलं. एकच खोकं बांधलं, आणि आज तेच खोकं त्या मालिकेची ओळख आहे. यानाचा घरघर आवाज ब्रायन हॉजसनने जुन्या पियानोच्या तारांवर घराची किल्ली घासून काढला. 'स्टार ट्रेक'मध्येही तेच, दर आठवड्याला यान ग्रहावर उतरवणं परवडत नव्हतं म्हणून माणसं किरणांनी खाली पाठवायची युक्ती काढली. मुंबईत मी किती मीटिंगांत बसलो असेन जिथे व्हीएफएक्सचा, म्हणजे कॉम्प्युटरवर बनवायच्या दृश्यांच्या खर्चाचा, आकडा ऐकून अख्खा प्रोजेक्ट गुंडाळला गेला, आणि एकानेही विचारलं नाही की हा सीन नसला तर गोष्ट बदलून जास्त चांगली होईल का. हे विचारणारा माणूस पाहिजे, तू तो हो.

आणि साहेबासमोर उभं राहणं म्हणजे काय तर 'डॉक्टर हू'मधल्या डालेकांची, म्हणजे यंत्राच्या कवचातल्या परग्रहावरच्या राक्षसांची, गोष्ट. न्यूमनने सुरुवातीलाच सांगून ठेवलं होतं की डोळे वटारलेले राक्षस मला माझ्या मालिकेत नकोत. टेरी नेशनने लिहिलेली डालेकांची कथा तिच्या वरच्या साहेबाला, डोनल्ड विल्सनला, अजिबात आवडली नाही, हे करूच नका म्हणाला. लॅम्बर्ट अडून बसली, हातात दुसरी तयार कथाही नव्हती, आणि तिचा त्या कथेवर विश्वास होता. डिसेंबर १९६३ मध्ये डालेक पडद्यावर आले आणि ती कथा संपेपर्यंत प्रेक्षक एक कोटीच्या पुढे गेले. नंतर विल्सनने तिला मोकळेपणाने सांगितलं की ही मालिका तुला माझ्यापेक्षा जास्त कळते, मी आता मध्ये पडणार नाही. मला या सगळ्या करिअरमधला हा क्षण सगळ्यात मोठा वाटतो, नंतरच्या मानसन्मानापेक्षाही. न्यूमननेच तिला आणलं होतं, न्यूमनचाच नियम होता, तरी तिने कथेची बाजू घेतली.

पण यातच एक कडवट भाग आहे तो नीट लक्षात ठेव. डालेकचं रूप तयार केलं रेमंड क्युसिक नावाच्या डिझायनरने, बिनपायांचं यंत्र ही कल्पना नेशनच्या कथेतली, पण तिला प्रत्यक्ष आकार दिला याने. तो बीबीसीचा पगारी नोकर होता म्हणून खेळणी, वस्तू विकून जो पैसा आला त्यातला हिस्सा त्याला नाही, एक किरकोळ बक्षिसी तेवढी मिळाली. लेखक नेशनच्या करारात हक्क होते, तो श्रीमंत झाला. तेव्हा करार न वाचता सही करू नको, कोणी कितीही भाऊ भाऊ म्हणो. आपल्याकडे चॅनलसाठी केलेल्या मालिकेचे हक्क बहुतेक वेळा चॅनलकडेच जातात, आणि पेमेंट नव्वद दिवसांनी येतं, त्या तीन महिन्यांत लाइटवाल्यांपासून जेवणवाल्यापर्यंत सगळ्यांना तोंड प्रोड्यूसरलाच द्यावं लागतं. हा भाग कुणी सांगत नाही नवीन पोरांना.

१९६५ ला लॅम्बर्टने मालिका सोडली आणि पुढे आयुष्यभर फक्त सायन्स फिक्शन केलं असं नाही. थेम्स टेलिव्हिजनची ड्रामा प्रमुख झाली, युस्टन फिल्म्स चालवली, स्वतःची कंपनी काढली. १९९२ मध्ये तिच्या कंपनीची 'एल्डोराडो' ही स्पेनमध्ये सेट बांधून केलेली मालिका जेमतेम वर्षभरात बंद पडली, भरपूर टीका झाली, तरी ती काम करत राहिली. २००७ ला वारली तेव्हाही ती काम करतच होती. तर तूही फक्त अंतराळच करणार असं धरून बसू नको, कौटुंबिक मालिकेच्या सेटवर शिकलेलं शेड्यूलिंग यानाच्या सेटवर तसंच्या तसं लागू पडतं.

फिजिक्स किती? कुतूहल असू दे आणि विचारायला एखादा जाणकार असू दे, बस. तुझं मेकॅनिकल उलट जास्त कामाला येईल कारण वस्तू कशी चालते, कशाने जोडते हे तुला कळतं, आणि आर्ट डायरेक्टर तुला फसवू शकणार नाही. गोष्टींसाठी मराठी विज्ञानकथा वाच. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावाने कथा पाठवून बक्षीस मिळवलं होतं, तेव्हापासून मराठीत किती काम झालंय बघ, आणि टीव्हीवर त्यातलं किती आलं तेही बघ. दूरदर्शनने 'कॅप्टन व्योम' १९९८ मध्ये आणली होती, हिंदीत. मराठीत मैदान जवळजवळ रिकामं आहे. कुणाची कथा घेतलीस तर लेखी परवानगी घे.

आता खान्देशात बसून काय. शेजारी मालेगावात नासिर शेखने व्हिडिओ पार्लर चालवता चालवता सिनेमे काढले, हिरव्या कापडापुढे सुपरमॅन उडवला, सायकलवरून ट्रॉली शॉट घेतले. लोकेशन तर आपल्याकडे आयती आहेत. रावेर, यावलकडचं केळी पिकवायचं राइपनिंग चेंबर आतून बघितलंयस का, पांढऱ्या पॅनेलच्या भिंती, थंड हवा, एकसारखे रचलेले क्रेट, त्याला यान म्हणायला काहीही बांधावं लागणार नाही, फक्त माल नसतानाचा दिवस मालकाकडून मागून घे. चाळीसगावजवळ पाटणादेवीला १२०७ सालचा शिलालेख आहे, भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ काढल्याचा. त्या मठातल्या एखाद्या विद्यार्थ्याला आजच्या पाचोऱ्यात आणून सोड, टाइम ट्रॅव्हलची गोष्ट झाली, आणि ती गोष्ट फक्त आपलीच. मात्र तिथे शूटिंग करायचं तर मंदिराला पुरातत्त्व खातं आणि आजूबाजूला अभयारण्य म्हणून वनखातं, दोघांची परवानगी आधी काढ, नाहीतर युनिट रस्त्यातूनच परत फिरेल.

अहिराणीतच कर असं मी म्हणेन. अहिराणी व्हिडिओ बघणारे लाखोंनी लोक आहेत, पण बहुतेक सगळं कॉमेडी आणि लग्नातली गाणी. रात्री शेतात मोटर बंद करायला गेलेल्या आजीला विहिरीतून कोणी "कोन शे रे?" विचारलं तर आपल्याकडच्या माणसाच्या अंगावर काटा येईल, तो इंग्रजी बोलणाऱ्या एलियनने येणार नाही.

कोर्सचं म्हणशील तर कोलकात्याला सत्यजित राय इन्स्टिट्यूटमध्ये खास प्रोड्युसिंगचा अभ्यासक्रम आहे, पुण्याला एफटीआयआयमध्ये टीव्हीचे एक वर्षाचे कोर्स आहेत. दोन्हींना पदवी लागते, तेव्हा डिप्लोमावर न थांबता आधी डिग्री पूर्ण कर, घरच्यांचाही जीव भांड्यात पडेल आणि एमपीएससीचा दरवाजाही उघडा राहील. त्यासोबत सुट्टीत कुठल्याही मालिकेच्या प्रॉडक्शनमध्ये असिस्टंट म्हणून शिर, पगार कमी मिळेल, बारा तासांची शिफ्ट असेल, पण कंट्रोलरच्या, म्हणजे प्रॉडक्शनचा खर्च सांभाळणाऱ्याच्या, शेजारी बसून रोजचा खर्च कसा लिहितात ते बघ.

आणि वाट न बघता एक दहा मिनिटांचा पायलट लिहायला घे. तीनच पात्रं, दोनच लोकेशन, व्हीएफएक्सचे शॉट शक्यतो शून्य. लिहून झालं की मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे ऑनलाइन रजिस्टर कर आणि मग मला कळव. मी आता जळगावलाच असतो, शेड्यूल आणि बजेट कसं मांडायचं ते तुझ्यासोबत बसून करून देईन.