लोक वेबसाइटवर येतात आणि लगेच निघून जातात, काय करावं?

स्लायडर टाकला, ॲनिमेशन टाकलं, चॅटची खिडकीही लावली, तरी लोक थांबत नाहीत. आता आणखी काय टाकू, असं तुम्ही विचारलंय. माझा व्यवसायच वेबसाइट बनवण्याचा आहे, त्यामुळे स्पष्ट सांगतो: काही टाकू नका, आहे त्यातलं काढा.

सुरुवात स्लायडरपासून, म्हणजे वर आपोआप बदलत राहणाऱ्या चित्रांपासून करा. दुसरं चित्र येईपर्यंत माणूस खाली स्क्रोल करायला लागलेला असतो. त्या जागी साध्या शब्दांत लिहा की इथे काय मिळेल आणि कुणासाठी.

मग वेग. पहिल्या स्क्रीनवरचा सर्वांत मोठा भाग, म्हणजे बहुधा वरचं चित्र किंवा मथळा, २.५ सेकंदांच्या आत दिसला तर गूगल त्याला चांगलं म्हणतं. पण बरेच जण सरसकट सगळ्या चित्रांना लेझी लोडिंग (चित्र स्क्रीनजवळ आल्यावरच मागवण्याची सोय) लावून मोकळे होतात. मग नेमकं वरचं चित्रच ब्राउझर उशिरा मागवतो. तेवढ्या चित्राला लेझी लोडिंग लावू नका.

संथ वेगाइतकीच माणसं पळवून लावणारी दुसरी गोष्ट म्हणजे हलणारं पान. मोबाइलवर ‘पुढे वाचा’वर बोट टेकवणार, तेवढ्यात वर एक चित्र उगवतं, सगळा मजकूर खाली ढकलला जातो आणि बोट पडतं जाहिरातीवर. चिडून माणूस बॅक दाबतो. कारण साधं असतं: एचटीएमएलमध्ये (पानाच्या मूळ कोडमध्ये) चित्राची रुंदी-उंची दिलेली नसते, त्यामुळे किती जागा राखून ठेवायची हे ब्राउझरला कळत नाही. ते दोन आकडे द्या. जाहिरातीच्या चौकटीलाही सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये) किमान उंची ठरवून द्या. या हलण्याचं माप म्हणजे सीएलएस, ते ०.१ किंवा त्याहून कमी हवं.

एक ओळही वाचून झालेली नसताना ‘आमचं न्यूजलेटर घ्या’ म्हणून आडवा येणारा पॉपअप तर आजच काढा. (क्लायंटला तो फार प्रिय असतो, हे मला माहीत आहे.) फिकट राखाडी अक्षरंही नकोत, मजकूर आणि पार्श्वभूमीतला कॉन्ट्रास्ट (उजळ-गडदपणातला फरक) किमान ४.५:१ ठेवा. देवनागरी असेल तर दोन ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा थोडं जास्त लागतं, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतात.

आणि ‘निघून जातात’ हे कशावरून ठरवलंत तेही तपासा. गूगल ॲनालिटिक्स ४ या भेटी मोजणाऱ्या साधनात १० सेकंदांहून जास्त टिकलेली भेट एंगेज्ड, म्हणजे रस घेतलेली, धरतात. त्याआधी गेलेला माणूस दुसरं पान उघडून किंवा तुम्ही ठरवलेली महत्त्वाची कृती करून गेला असेल, तरच एंगेज्डमध्ये मोजला जातो. फक्त फोन नंबर बघायला आलेला माणूस पाच सेकंदांत तो वाचून गेला, तर तो बाउन्समध्ये, म्हणजे एंगेज्ड न धरलेल्या भेटींत दिसेल, पण त्याचं काम झालेलं असतं. म्हणून सरासरी वेळ बघत बसण्यापेक्षा प्रत्येक पानाचं काम काय ते ठरवा आणि तेवढंच मोजा.

हे सगळं करून झालं की वेबसाइट कधीच न पाहिलेल्या माणसाच्या हातात मोबाइल द्या, एक गोष्ट शोधायला सांगा आणि मध्ये अजिबात बोलू नका. तो जिथे अडेल तिथून पुढची दुरुस्ती सुरू करा.